बहुमार्गी इलेक्ट्रॉनिक स्विचांतील उष्णतारक्षण व दोषनिर्देशाचा प्रश्न

मराठीत ‘आज फार उकडते’ असे म्हटले असता ‘कोण उकडते?’ असा प्रश्न कोणी विचारीत नाही. ‘उजाडले’, ‘सांजावले’, ‘मळमळते’ यांच्याप्रमाणेच हेही क्रियापद भावकर्तृक होय. क्रियेचा भाव हाच तेथे कर्ता. त्याहून निराळा कर्ता शोधू गेल्यास तो सापडत नाही, आणि तो नसल्यामुळे वाक्याचे काही अडतही नाही. परंतु ‘ती बटाटे उकडते’ या वाक्यात तेच रूप आले की कर्ता व कर्म ही दोन्ही आपापल्या जागी येऊन उभी राहतात. रूप एकच, पण एका ठिकाणी उष्णतेची केवळ जाणीव व्यक्त होते, तर दुसऱ्या ठिकाणी उष्णता कोणी दिली हेही सांगितले जाते.

व्याकरणाच्या वर्गाबाहेर या भेदाचे काही प्रयोजन असेल असे सहसा वाटत नाही. तथापि इलेक्ट्रॉनिकीच्या एका शाखेत हाच भेद अभियंत्यांपुढे निराळ्या वेषात उभा राहिला आणि त्याचा उलगडा त्यांना सिलिकॉनच्या काही चौरस मिलिमीटर जागेत करावा लागला. संगणकाला पेन-ड्राइव्ह, कळफलक, छपाईयंत्र इत्यादी जोडण्यासाठी चार तोंडांचा जो यूएसबी हब वापरतात, त्याचे उदाहरण या दृष्टीने सोयीचे आहे. चांगल्या प्रतीच्या हबमध्ये चारही तोंडांना वीज पुरविणारे चार स्विच एकाच चिपमध्ये बसविलेले असतात. (स्वस्त हबमध्ये ते पुष्कळदा नसतातच, तेथे पुढील प्रश्नही उद्भवत नाहीत आणि त्यांची उत्तरेही मिळत नाहीत.) त्यांपैकी एका मार्गावर बिघाड झाला व चिप तापली, तर ती नेमकी कोणामुळे तापली हे चिपला कसे कळावे, आणि कळल्यावर तिने ते संगणकाला कसे कळवावे, हा येथील विचाराचा विषय आहे.

येथे ‘स्विच’ म्हणजे भिंतीवरचे बटण नव्हे. तो मॉस्फेट या जातीचा ट्रान्झिस्टर असून त्याच्या नियंत्रक अग्रावर विद्युत्-दाब दिला की त्यातून प्रवाह वाहू लागतो. बटणात धातूला धातू टेकतो. येथे तसे काही हलत नाही. त्यामुळे स्विच पूर्ण उघडा असतानाही त्याचा थोडासा रोध शिल्लक राहतो. यूएसबीसाठी तयार होणाऱ्या अशा स्विचात तो ८० मिलिओहमच्या आसपास असतो. यूएसबीच्या २००० साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या आवृत्तीच्या मानकानुसार एका तोंडातून ५ व्होल्ट दाबाने अर्धा अँपिअर प्रवाह घेता येतो. प्रवाहाच्या वर्गाला रोधाने गुणिले असता स्विचात खर्ची पडणारी शक्ती निघते. ती येथे ०.०२ वॅट भरते. चिप ज्या आवरणात बसविलेली असते त्याचा उष्णतारोध दर वॅटला १०० अंश सेल्सिअस धरला, तर एका मार्गामुळे चिपचे तापमान जेमतेम २ अंशांनी वाढेल, आणि चारही मार्ग पूर्ण भाराने चालू असले तरी ८ अंशांनी. इतक्या उष्णतेची कोणी दखलही घेणार नाही.

आता एखाद्या तोंडात मोडकी पिन घुसली, किंवा केबलीतील दोन तारा एकमेकींस चिकटल्या, असे समजू. शॉर्ट सर्किट झालेल्या त्या मार्गातून प्रवाह भरमसाट वाढू लागेल. त्याला आवर घालण्यासाठी स्विचात प्रवाहमर्यादेची योजना केलेली असते. प्रवाह समजा १ अँपिअरच्या पुढे जाऊ लागला की ट्रान्झिस्टर स्वतःला अर्धवट मिटून घेतो व प्रवाह तेथेच रोखून धरतो. हबचा मुख्य वीजपुरवठा त्यामुळे कोसळत नाही. शेजारची तीन तोंडेही सुरक्षित राहतात. येथवर सर्व ठीक. परंतु बाहेरच्या तारांत दाब उरलेला नसल्यामुळे संपूर्ण ५ व्होल्ट आता स्विचावरच पडतात. ५ व्होल्ट गुणिले १ अँपिअर म्हणजे ५ वॅट. एरवीच्या ०.०२ वॅटशी तुलना केली असता ही अडीचशे पट वाढ आहे. वरच्याच हिशेबाने चिपचे तापमान ५०० अंशांनी वाढावयास हवे. अर्थात् तेथवर पोचण्याच्या कितीतरी आधी ती जळून गेलेली असेल, कारण अशा चिपची नेहमीची सहनमर्यादा १५० अंशांच्या आसपास असते.

प्रवाहमर्यादा आणि उष्णतारक्षण ही पुष्कळदा दोन स्वतंत्र सोयी म्हणून एकापुढे एक मोजली जातात. वस्तुतः दुसरीची गरज पहिलीनेच निर्माण केलेली आहे. बाहेरचे संकट आत शिरू नये म्हणून स्विच ते स्वतःच्या अंगावर घेतो, आणि म्हणूनच त्याच्या अंगाचे रक्षण निराळे करावे लागते. फ्यूजच्या तारेचे तसे नाही. ती वितळते, मंडल तुटते, विषय संपतो. मात्र ती एकदाच वितळते. इलेक्ट्रॉनिक स्विचाने संकट निवारल्यानंतरही जिवंत राहावे अशी अपेक्षा असते, आणि सगळी गुंतागुंत या अपेक्षेपोटी येते.

चिपला स्वतःचा ताप कळतो तो एका अगदी साध्या गुणधर्मामुळे. सिलिकॉनच्या डायोडातून ठराविक प्रवाह वाहत असता त्यावरील दाब दर अंशाला सुमारे २ मिलिव्होल्टांनी उतरतो. नेहमीच्या तापमानाला तो ०.६ व्होल्टच्या जवळपास असेल, तर १४० अंशांना ०.४ व्होल्टच्या आसपास येतो. तापमानाबरोबर न बदलणारा दुसरा एक दाब चिपवरच तयार करून त्याच्याशी या दाबाची तुलना केली, की ‘मर्यादा ओलांडली’ हा निर्णय मिळतो. ही युक्ती नवी नाही. रॉबर्ट विडलर याने नॅशनल सेमीकंडक्टर कंपनीसाठी १९७० च्या सुमारास सिद्ध केलेल्या एल.एम. १०९ या दाबनियंत्रक चिपमध्ये ती होती. अतितापाने चिप स्वतःला बंद करी आणि थंड झाल्यावर पुन्हा कामाला लागे. पण तेथे बंद करण्याजोगी वस्तू एकच होती. चिप तापली म्हणजे ती वस्तूच तापली, ‘कोण?’ हा प्रश्न विचारण्याचे कारण नव्हते.

एकाच चिपवर चार स्विच आले की हे साधे समीकरण मोडते. सिलिकॉन उष्णतेचा चांगला संवाहक आहे. तांब्याच्या एक-तृतीयांशाहून अधिक उष्णता त्यातून वाहते. भोवतालच्या प्लॅस्टिकच्या आवरणाशी तर त्याची तुलनाच नको. एका कोपऱ्यातील स्विचात निर्माण झालेली उष्णता मिलिमीटरभर अंतर काही मिलिसेकंदांत कापते. सेकंदाचा लहानसा अंश उलटतो न उलटतो तोच सगळी चिप जवळजवळ सारखी तापलेली असते. कोणत्याही जागी बसविलेला तापसंवेदक त्या वेळी एवढेच सांगू शकतो : उकडते. प्रवाहाला मार्ग असतो, दिशा असते. तो कोणत्या तारेतून गेला हे निश्चित सांगता येते. तापमान मात्र सर्वांच्या मालकीचे. त्याच्यावर कोणाचे नाव लिहिलेले नसते.

या निनावी संदेशावर विसंबून चारही स्विच बंद करणे हा एक मार्ग आहे. तो सुरक्षित आहे, सोपा आहे आणि अन्यायकारक आहे. एका तोंडात मोडकी पिन अडकल्याबद्दल दुसऱ्या तोंडावरील डिस्कची वीज, तिच्यावर मजकूर लिहिला जात असताना, तोडली जाईल.

अमेरिकन कंपन्यांनी यूएसबीसाठी तयार केलेल्या बहुमार्गी स्विचांच्या एका वर्गात यावर काढलेली तोड लक्षात घेण्यासारखी आहे. तापमानाचे दोन उंबरठे ठरविलेले असतात. पहिला उंबरठा सुमारे १४० अंशांचा. तो ओलांडला गेला म्हणून लगेच कोणताही स्विच बंद होत नाही. त्या क्षणी कोणत्या मार्गाचा प्रवाह मर्यादेला टेकलेला आहे, हे आधी तपासले जाते, आणि तेवढाच मार्ग बंद केला जातो. उरलेले मार्ग चालू राहतात. एवढे करूनही तापमान चढतच राहिले व त्याने वरचा दुसरा उंबरठा गाठला, तर मात्र चौकशी न करता सर्व मार्ग बंद होतात. व्याकरणाच्या भाषेत सांगावयाचे तर, तापसंवेदक क्रियापद देतो आणि प्रवाहसंवेदक कर्ता. दोहोंचा मेळ पडला तर पूर्ण वाक्य तयार होते व त्या वाक्यात ज्याचे नाव असेल त्याच्यावर कारवाई होते. मेळ पडला नाही, तर वाक्य भावकर्तृकच राहते, आणि भावकर्तृक वाक्यावर करता येण्याजोगी कारवाई एकच : सर्वांना बंद करणे.

प्रवाहसंवेदकाची साक्ष येथे इतकी विश्वसनीय का, हेही पाहावयास हवे. वर दाखविल्याप्रमाणे निर्दोष मार्गांची उष्णता नगण्य आहे. मर्यादेच्या थोडे आत राहून एखाद्याने ०.८ अँपिअर प्रवाह ओढला तरी खर्च होणारी शक्ती ०.०५ वॅटच्या आसपासच राहील. म्हणजे या जातीच्या चिपमध्ये जो तापवितो तो मर्यादेला टेकलेला असणारच. न टेकता तापविणे त्याला जवळजवळ अशक्य आहे. कोणीच टेकलेला नसताना ताप चढला, तर त्याचे कारण बहुधा चिपच्या बाहेर असते : कोंडलेली हवा, शेजारचा तापणारा घटक, किंवा उष्णता वाहून नेण्यास अपुरे पडणारे मुद्रित मंडलाचे तांबे. त्या स्थितीत कोणाही एकाला दोषी धरता येत नाही, आणि दुसरा उंबरठा तसे धरीतही नाही.

उलट, केवळ प्रवाहावरून निवाडा का करू नये, असाही प्रश्न येथे संभवतो. त्याचे उत्तर काळाशी संबद्ध आहे. एखादे उपकरण जोडताक्षणी त्यातील धारित्रे भरून घेण्यासाठी क्षणभर मोठा प्रवाह ओढतात. तो दोष नव्हे. नवा पाहुणा दारात पाय पुसतो तसला तो प्रकार आहे. अशा प्रत्येक प्रसंगी मार्ग बंद केला तर काहीच जोडता येणार नाही. ताप मात्र सावकाश चढतो. क्षणिक प्रवाहाने चिप फारशी तापत नाही, टिकून राहिलेल्या प्रवाहाने तापते. म्हणजे प्रवाह ‘कोण’ हे सांगतो, तर ताप ‘किती वेळ’ हे सांगतो. दोघांपैकी कोणा एकाचीच साक्ष ऐकली असती, तर निर्णय चुकला असता.

मोटारींतील स्विचांच्या बाबतीत ही सोय राहत नाही. दिव्यांना व मोटरींना वीज देणाऱ्या स्विचांतून अनेक अँपिअर प्रवाह रीतसर वाहतात, म्हणजे निर्दोष मार्गही चांगलाच तापू शकतो. शिवाय थंड तंतूचा दिवा लागताना नेहमीच्या दहापटीपर्यंत प्रवाह घेतो. तेथे ‘जो मर्यादेला टेकला तो दोषी’ हा न्याय पुरेसा होत नाही. म्हणून युरोपीय कंपन्यांच्या मोटार-स्विचांत प्रत्येक ट्रान्झिस्टरच्या पोटात स्वतंत्र तापसंवेदक बसवितात आणि दुसरा एक संवेदक चिपच्या थंड भागात ठेवितात. या दोहोंतील फरक एका ठराविक मर्यादेपलीकडे, म्हणजे सुमारे ६० ते ८० अंशांपलीकडे गेला, की तो मार्ग बंद केला जातो; चिपचे एकूण तापमान त्या वेळी कितीही कमी असो. उष्णता सर्वत्र पसरून निनावी होण्यापूर्वीच तिचे उगमस्थान गाठण्याचा हा उपाय आहे, आणि रचनेच्या दृष्टीने तो अधिक मूलगामी म्हटला पाहिजे. त्याची किंमतही अधिक पडते.

पुन्हा हबकडे वळल्यास असे दिसते की, दोषी मार्ग बंद झाल्याने गोष्ट संपत नाही. चिप सुमारे २० अंशांनी थंड झाली की तो मार्ग आपोआप पुन्हा चालू होतो. बंद होण्याचे व चालू होण्याचे तापमान भिन्न ठेवण्याचे कारण उघड आहे; ते एकच असते तर स्विच त्या रेषेवर अखंड थरथरत राहिला असता. परंतु बाहेरचा दोष तसाच असेल तर मार्ग चालू होताच पुन्हा तापतो, पुन्हा बंद होतो, आणि दोष दूर होईपर्यंत हे आवर्तन चालते. या काळात चिपचे तापमान १२० व १४० यांच्या दरम्यान घोटाळत राहते. भोवतालचे तापमान ४० धरले तर सरासरी ९० अंशांची वाढ कायम राखण्यास, पूर्वीच्याच उष्णतारोधाने, ०.९ वॅट शक्ती पुरते. म्हणजे ५ वॅटचा तो मार्ग एकपंचमांशापेक्षाही कमी वेळ चालू असतो. दोष आवरला गेला असे यावर म्हणता येईल. पण याच काळात शेजारचे तीन निर्दोष मार्गही त्याच १२० ते १४० अंशांच्या भट्टीत उभे असतात. त्यांचा प्रवाह तुटलेला नाही, परंतु त्यांचा रोध वाढलेला असतो आणि आयुष्य झिजत असते. विजेच्या दृष्टीने दोषी मार्ग वेगळा पडला. उष्णतेच्या दृष्टीने तो वेगळा पडलाच नाही. अशा चिपच्या माहितीपत्रकांत आढळणारा ‘मार्गांचे संपूर्ण स्वातंत्र्य’ हा दावा या मर्यादेसह वाचावयास हवा.

ही झीज काल्पनिक नव्हे. तापण्या-निवण्याच्या प्रत्येक फेऱ्यात सिलिकॉन, धातू व प्लॅस्टिक ही वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात आणि त्यांच्या सांध्यांवर ताण पडतो. मोटार-इलेक्ट्रॉनिकीच्या ए.ई.सी.-क्यू १०० या मानकसमूहात एक स्वतंत्र भाग वारंवार होणाऱ्या शॉर्ट सर्किटच्या कसोटीसाठी राखलेला आहे. १२ व्होल्टच्या प्रणालीतील स्विच असे किती फेरे सोसतो यावरून त्याची प्रतवारी लाविली जाते. दहा लाखांहून अधिक फेरे सोसणाऱ्याला वरची प्रत मिळते. जेथे प्रतवारी लागते तेथे सहनशक्ती अमर्याद नाही हे निराळे सांगावयास नको.

यावरून ओघानेच प्राप्त होते ते असे की, आवर्तन चालू राहू देण्याऐवजी संगणकाने दोषी मार्ग कायमचा बंद करावा. पण त्यासाठी त्याला तो कोणता हे कळले पाहिजे. चिप बोलते ती एका पिनेवाटे. एरवी त्या तारेवरील दाब वर असतो; दोष घडला की चिप तो खाली ओढते. या तारेचे वैशिष्ट्य असे की अनेक चिह्ने एकाच तारेवर बांधता येतात आणि कोणीही एकाने ती ओढली तरी ती खाली जाते. निःशब्दता म्हणजे कुशल, असा हा संकेत आहे. व्याकरणातील शून्य प्रत्ययाशी त्याचे साम्य सहज ध्यानात येईल. आणि शून्य प्रत्ययाची अडचणही येथे आहेच. तार चिपपासून तुटली तरीही दाब वरच राहतो व सर्व कुशल असल्याचे वाटत राहते. शिवाय पुष्कळ स्विचांत अतिप्रवाह व अतिताप या दोन्ही घटना याच एका चिह्नाने कळविल्या जातात. ‘उकडते’ या रूपाचे दोन अर्थ श्रोता संदर्भाने वेगळे करतो; संगणकाला तो संदर्भ पुरविण्यास दुसरी तार नसते.

चार मार्गांच्या चिपला चार स्वतंत्र सूचक पिना देणे अशक्य नाही, आणि अनेक चिपांना त्या असतातही. तरी हब बांधणारे पुष्कळदा त्या चारही एकत्र जोडून नियंत्रकाच्या एकाच पिनेला देतात. यूएसबीच्या मानकाने याला रीतसर मुभा ठेविली आहे. प्रत्येक हब स्वतःविषयी जे वर्णन संगणकाला सादर करतो, त्यात अतिप्रवाहाचा निर्देश प्रत्येक तोंडागणिक होईल की सर्वांचा मिळून एकच होईल, हे सांगणाऱ्या दोन द्विमान खुणा असतात. तिसराही पर्याय आहे : स्वतःची वीज नसून संगणकाच्याच विजेवर चालणाऱ्या हबला ‘असा निर्देश होणार नाही’ असे सांगता येते. म्हणजे कर्त्याचे नाव घ्यावयाचे, नुसते ‘उकडते’ म्हणावयाचे, की मौन पाळावयाचे, हे हब पहिल्याच भेटीत जाहीर करून टाकतो.

ज्या हबने मधला पर्याय पत्करला आहे, त्याच्या पोटातील चिपला दोषी मार्ग अचूक ठाऊक असतो. पहिल्या उंबरठ्यावर तिने त्याला शोधून काढून बंदही केलेले असते. पण एकत्र बांधलेल्या तारेवरून पलीकडे पोचते ते केवळ क्रियापद. कर्ता वाटेत गळालेला असतो. संगणकाला मग चारही तोंडांची वीज एकदम तोडावी लागते. वीज तोंडागणिक तोडण्याची सोय असलीच, तर एकेक तोंड बंद करून चिह्न मावळते की नाही हे पाहत जावे लागते. दोषी तोंड क्रमाने चौथे असेल तर तोवर पहिल्या तिघांची वीज एकेकदा गेलेली असते, आणि त्यांपैकी एकावरील डिस्कमध्ये मजकूर लिहिला जात असेल तर तो अर्धवट राहिलेला असतो. या व्यवहारात नियंत्रकाच्या तीन पिना वाचतात.